लकव्यानंतर सासूबाईंची घरची काळजी: ऑक्युपेशनल थेरपीचं शिक्षण वापरून आलेला अनुभव

सासूबाईंना पावसाळ्याच्या तोंडावर लकवा मारला, उजवी बाजू कमजोर झाली. दवाखान्यातून सुटी देताना ऑक्युपेशनल थेरपिस्ट (आजारानंतर रोजची कामं पुन्हा करायला शिकवणाऱ्या) मॅडमनी मला आणि यांना घरी काय करायचं ते शिकवलं. आता तूर घरात आली आहे, एवढ्या महिन्यांच्या अनुभवावरून लिहिते.

सगळ्यात कामाची गोष्ट म्हणजे मदत किती करायची ते. आधी नुसतं तोंडाने सांगायचं, मग हात लावून दिशा दाखवायची, तरीही जमलं नाही तरच आपण करायचं. ब्लाऊज घालताना कमजोर हात आधी बाहीत, काढताना चांगला हात आधी बाहेर. पुढून बटणांचे ब्लाऊज शिवून घेतले, आता त्या स्वतः घालतात. वेळ लागतो, फार लागतो. नणंदेला वाटलं मी आईला ताटकळत ठेवते. पण बटण लागल्यावर त्या माझ्याकडे बघतात ना, त्यापुढे हे बोलणं काहीच नाही.

बाज ढिली होती, मधे खड्डा. त्यातून उठणं धडधाकट माणसालाही जड. लाकडी पलंग घेतला, तळपाय जमिनीला टेकतील एवढ्या उंचीचा. पाय मागे घ्यायचे, पुढे वाकायचं, मग उठायचं. कमजोर हाताला धरून ओढायचं मात्र अजिबात नाही. लकव्याने सैल झालेला खांदा त्याने निसटू शकतो. हे घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागतं, कारण आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाला हात धरूनच उठवतात.

घरच्या कापसाच्या वाती वळणं हा मॅडमनीच सुचवलेला व्यायाम. उजव्या हाताने पेळू (पिंजलेल्या कापसाची गुंडाळी) धरायचा, डाव्याने वळायचं. वाती जाडजूड होतात, देवापुढे त्याच लागतात.

कमी पडलं ते असं: शिकवणी दवाखान्याच्या सपाट फरशीवर झाली. आमची न्हाणी अंगणापलीकडे, मधे उंबरठा, संडास खाली बसायचा. घर कोणी पाहिलंच नाही. नंतर फोटो पाठवले तेव्हा मॅडमनी कमोडची खुर्ची आणि भिंतीला दांडी सांगितली. कापूस वेचणीच्या दिवसांत तर थांबून करू द्यायला घरी कोणीच नसायचं, तेव्हा सुधारणा रोडावली.

शिकायला जाणार असाल तर न्हाणी, उंबरठा, पलंग यांचे फोटो आधीच मोबाईलमध्ये न्या. मुख्यमंत्री वयोश्री योजनेत पात्र असलेल्या ६५ वर्षांवरच्यांना अशा साहित्यासाठी एकदा ३,००० रुपये मिळतात, तेही विचारून घ्या.