आयगेन: वहीतलं समीकरण कोडमध्ये, पण 'ऑटो' जरा जपून

सीमध्ये काल्मन फिल्टर (सेन्सरचं मोजमाप आणि आपला अंदाज जुळवून खरी स्थिती काढायची रीत) लिहिण्यात माझी तीन वर्षं गेली. वहीत एक ओळ, कोडमध्ये पाच. मॅट्रिक्सचा गुणाकार टेंप१ या तात्पुरत्या चलामध्ये, ट्रान्सपोज (ओळींचे स्तंभ) टेंप२ मध्ये, पुन्हा गुणाकार टेंप३ मध्ये. टेंप२ च्या जागी चुकून टेंप१ पडलं की ती संध्याकाळ गेलीच म्हणायची. मग सी++ वर आल्यावर आयगेन ही मॅट्रिक्सच्या गणिताची लायब्ररी घेतली आणि हे लिहिलं:

पी = एफ * पी * एफ.ट्रान्सपोज() + क्यू;

चाललं की! डावीकडे पी, उजवीकडेही पी, तरी उत्तर बरोबर, कारण मॅट्रिक्सच्या गुणाकारात आयगेन आपणहून तात्पुरती प्रत काढतं. ती नकोच असेल तर नोएलिआस() लिहायचं. बेरजेची तऱ्हा वेगळी. अ + ब + क लिहिलं तर + चिन्ह बेरीज करतच नाही, 'यांची बेरीज करायची आहे' एवढं टिपून ठेवतं. प्रत्यक्ष काम = आल्यावर, एकाच लूपमध्ये, मधलं एकही मॅट्रिक्स न बनवता. माझी मॅट्रिक्स ६×६ ची. आकार आधीच सांगितला की सगळं स्टॅकवर, मॅलॉक (प्रोग्रॅम चालू असताना मेमरी मागणं) नाही. गाडीतल्या छोट्या बोर्डावर चालवायचं तर मला हेच हवं होतं.

आता ज्यात मी दोन दिवस घालवले ते. मोजमाप (झेड) आणि अंदाज (एक्स वरून काढलेला) यांतला फरक मी असा ठेवला होता, 'ऑटो' म्हणजे प्रकार कंपाइलरनेच ठरवायचा:

ऑटो वाय = झेड - एच * एक्स;

त्याखाली एक्स अपडेट केला, आणि शेवटी वाय लॉगमध्ये छापला. फिल्टर उत्तम चालत होता, पण लॉगमधले फरक संशय यावा इतके लहान. सेन्सर एवढा गुणी कधीपासून झाला? नंतर उमगलं, वाय मध्ये उत्तर नव्हतंच, नुसता हिशेब मांडलेला होता. छापताना तो नव्या एक्सवर पुन्हा झाला. 'ऑटो' काढून व्हेक्टरचा प्रकार लिहिला आणि आकडे खरे दिसू लागले. ही सूचना आयगेनच्या कागदपत्रांत स्पष्ट दिलेली आहे. वाचली नव्हती, दोष माझाच.

अ = अ.ट्रान्सपोज() मात्र लिहू नका. इथे प्रत निघत नाही. डीबग बिल्डमध्ये असर्ट (चालताना होणारी तपासणी) ओरडतो, रिलीजमध्ये मुकाट्याने चुकीचं उत्तर येतं. त्यासाठी ट्रान्सपोजइनप्लेस() आहे.

कंसांचंही बघा. अ * ब * व्ही (व्ही हा व्हेक्टर) डावीकडूनच सुटतं, स्वस्त वाट आयगेन शोधून देत नाही. मॅट्रिक्स १०००×१००० ची असतील तर १०० कोटींवर गुणाकार. अ * (ब * व्ही) लिहिलं तर २० लाख. दोन कंसांची किंमत!

पायथॉनमधून आलेल्या आमच्या नव्या मुलाचा * वर गोंधळ उडाला. नमपाय या पायथॉनच्या गणिती लायब्ररीत * म्हणजे घटकाला घटक, मॅट्रिक्स गुणाकाराला @ (पायथॉन ३.५ पासून, २०१५). आयगेनमध्ये * हाच मॅट्रिक्स गुणाकार, घटकवार हवा तर .अ‍ॅरे() करून घ्यायचा. ३×३ ला दोन्ही चालतात, त्यामुळे चूक लपते. मला विचाराल तर वहीत जे चिन्ह तेच इथे, म्हणून आयगेनची बाजू बरोबर.

आकडे भरायला << आणि स्वल्पविराम. स्वल्पविरामसुद्धा ओव्हरलोड केलाय, म्हणजे त्याला नवं काम दिलंय! पहिल्यांदा मला हा चावटपणा वाटला, आता त्याशिवाय करमत नाही.

तक्रार कंपाइलच्या वेळेची आणि एररच्या लांबीची. एक चुकीचा आकार, आणि टेम्प्लेटच्या नावांनी पडदा भरतो. त्या जंगलात ठळक कॅपिटल अक्षरांत 'यू मिक्स्ड मॅट्रिसेस ऑफ डिफरंट साइझेस' असं एक वाक्य असतं. तेवढंच शोधा, बाकीचं वाचू नका.

फुकट आहे, एमपीएल२ परवाना, फक्त हेडर फायली. फोल्डर आणून ठेवला की झालं. चार तारे. पाचवा त्या दोन दिवसांबद्दल मी राखून ठेवलाय, अन्याय आहे हे माहीत असूनही.