ग्नू ईमॅक्स: बरेच महिने रोज वापरल्यानंतरचा अनुभव

आता रोजचं सगळं कोडिंग ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्येच होतं, त्यामुळे सविस्तर लिहितो. सुरुवातीला शॉर्टकट हातात बसत नाहीत हे खरंय, पण कंट्रोल-एच के मारून कुठलीही की दाबा, ती काय करते ते लगेच समोर येतं, तिथूनच त्या फंक्शनच्या सोर्सवर जाता येतं, पटलं नाही तर कोड बदलायचा, कंट्रोल-एक्स कंट्रोल-ई मारायचं आणि चालू एडिटरच वेगळा वागायला लागतो, रिस्टार्ट वगैरे काही नाही! माझ्यासाठी सगळ्यात मोठी गोष्ट हीच.

आणि हे उगाच आलेलं नाहीये. 1976 मध्ये एमआयटीच्या एआय लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन, गाय स्टील वगैरे मंडळींनी टेको या जुन्या एडिटरवरचे प्रत्येकाचे वेगवेगळे मॅक्रो (आज्ञांचे तयार संच) एकत्र आणले, तो पहिला ईमॅक्स, पण टेकोचा कोड वाचायचा म्हणजे डोळे फिरतात. 1978 मध्ये बर्नार्ड ग्रीनबर्गने मल्टिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवरचा ईमॅक्स मॅकलिस्पमध्ये (लिस्प या प्रोग्रॅमिंग भाषेचा एक प्रकार) लिहिला आणि माझ्या मते खरी कलाटणी तिथे आहे, कारण एडिटर ज्या भाषेत लिहिलाय त्याच भाषेत तुम्ही त्यात भर घालणार. 1981 चा जेम्स गॉसलिंगचा ईमॅक्स (हो, पुढे जावा भाषा बनवणारा तोच) युनिक्सवर सी भाषेत आला, पण त्यातली मॉकलिस्प ही भाषा फक्त दिसायला लिस्प, लिस्पचा पाया असलेल्या लिस्टसुद्धा धड नाहीत. 1985 च्या ग्नू ईमॅक्समध्ये खरं लिस्प आलं आणि म्हणूनच तो आजही टिकून आहे असं मला ठामपणे वाटतं.

एक्सईमॅक्स म्हणजे नव्वदच्या दशकात ल्युसिड कंपनीत झालेला फोर्क (मूळ कोड घेऊन वेगळा वाढवलेला एडिटर), ग्राफिकल बाबतीत तेव्हा पुढे होता, नंतर थंडावला. स्पेसमॅक्स आणि डूम हे फोर्क नाहीत, ग्नू ईमॅक्सवरच्या तयार कॉन्फिग (सेटिंगचे संच) आहेत. व्हिम या दुसऱ्या एडिटरची सवय असेल तर डूम घ्या, त्यात व्हिमसारखे शॉर्टकट देणारा एव्हिल मोड आधीच लावलेला असतो. मी मात्र साध्या ईमॅक्सवरच राहिलो, माझ्या इनिट फाइलमधली (ईमॅक्स सुरू होताना वाचतो ती सेटिंगची फाइल) प्रत्येक ओळ मला माहीत असावी असं वाटतं. व्हिमवरून निघालेल्या निओव्हिमनेही लुआ ही भाषा आत घेतली, दिशा तीच, आणि ते चांगलंच झालं.

ईमॅक्समधून गिट (कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन) वापरायचं पॅकेज म्हणजे मॅगिट, त्याबद्दल काय बोलू, बदलांतला काहीच भाग कमिट करणं, रीबेस (कमिटांची फेरमांडणी) इतके सोपे होतात की त्या एकट्यासाठीसुद्धा ईमॅक्स टाकून बघावा. 2023 च्या 29 व्या आवृत्तीपासून एग्लॉट आतच येतं, त्यामुळे लँग्वेज सर्व्हर (कोडमधल्या चुका, सूचना दाखवणारा वेगळा प्रोग्रॅम) जोडायला वेगळं पॅकेज लागत नाही.

खटकतं ते एवढंच की बहुतेक काम एकाच थ्रेडवर चालतं, एखादं जड काम सुरू झालं की सगळा एडिटर अडकतो, ते थांबवायला कंट्रोल-जी मारत बसावं लागतं. फार लांब ओळींच्या फाइल 29 पासून बऱ्याच सुधारल्यात, त्यामुळे जुनी आवृत्ती असेल तर आधी अपडेट करा आणि मगच मत बनवा.