कोरड्या डोळ्यांसाठी स्क्लेरल लेन्स: सात-आठ महिने वापरल्यानंतर

मला शोग्रेन्स आहे, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच अश्रूंच्या आणि लाळेच्या ग्रंथींवर उठते, त्यामुळे डोळ्यांत दिवसभर वाळू गेल्यासारखं खुपायचं. शर्मर टेस्टला पापणीत कागदाची पट्टी अडकवून ५ मिनिटं बसवतात, ५ मिमीपेक्षा कमी भिजली तर कोरडेपणा जास्त आहे असं धरतात, माझी जेमतेम टोकाला ओली झाली. ड्रॉप्स, जेल, सायक्लोस्पोरिन (सूज कमी करणारं औषध), पंक्टल प्लग (अश्रू वाहून जाणाऱ्या छिद्रात बसवायचं बारीक बूच) सगळं झालं, पण ऑफिसच्या एसीत दुपारपर्यंत परत तेच.

लेन्सने कोरडेपणा वाढतो असं सगळेच सांगतात, साध्या सॉफ्ट लेन्सबद्दल ते बऱ्याचदा खरंही असतं. स्क्लेरल लेन्स वेगळी आहे. कडक असते, ऑक्सिजन जाऊ देते, माझी १६ मिमीची आहे, कॉर्नियाला, म्हणजे बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याला, टेकत नाही, वरून कमानीसारखी जाऊन पांढऱ्या भागावर बसते आणि मधल्या जागेत सलाईन भरलेलं असतं. म्हणजे कॉर्निया दिवसभर ओला, आणि पापणी घासली तरी लेन्सवर घासते. पहिल्यांदा ट्रायल लेन्स घातली तेव्हा काही मिनिटांत खुपणं थांबलं, किती वर्षांनी डोळे आहेत हे विसरायला झालं!

घालायला शिकणं मात्र खरंच अवघड. टेबलावर आरसा आडवा ठेवायचा, मान खाली, चेहरा जमिनीला समांतर, लेन्स रबरी प्लंजरवर (लेन्स धरायची छोटी वाटीसारखी दांडी) ठेवून सलाईनने वर फुगीर येईल इतकी भरायची, पापण्या बोटांनी ताणून धरायच्या आणि न घाबरता सरळ वर न्यायची. जरा तिरकी झाली की पाणी सांडतं, आत बुडबुडा राहतो, तिथे धूसर दिसतं आणि कॉर्निया नेमका तिथेच कोरडा पडतो, मग काढा आणि परत भरा. सुरुवातीचे आठवडे मांडीवर टॉवेल घेऊनच बसायचे, आता चहा उकळेपर्यंत दोन्ही होतात. काढताना प्लंजर मधोमध लावू नका, खालच्या कडेला लावा म्हणजे आधी हवा आत जाते आणि लेन्स सुटते.

सगळंच छान नाहीये. चार-पाच तासांनी आतलं पाणी गढूळ होऊन धुकं दिसतं, तेव्हा ऑफिसमध्येच काढून ताजं सलाईन भरावं लागतं. आजार काही बरा होत नाही, रात्री लेन्स काढली की तासाभरात कोरडेपणा परत येतो, मलम चालूच आहे. खर्च मोठा आहे आणि माझ्या मेडिक्लेममध्ये बसला नाही.

स्वच्छतेत अजिबात चालढकल नको. सलाईन प्रिझर्व्हेटिव्ह नसलेलंच घ्या, कारण ते तासन्‌तास डोळ्याला लागून असतं. नळाचं पाणी लेन्सला लागू देऊ नका, त्यातल्या अकँथअमीबा या सूक्ष्म जीवाचं इन्फेक्शन झालं तर नजर जाऊ शकते. पेरॉक्साईडचं सोल्युशन वापरत असाल तर त्याच्याच डबीत निदान ६ तास ठेवा, तसंच डोळ्यात गेलं तर भयंकर जळतं.

फिटिंगला घाई करू नका. माझी पहिली जोडी कडेला दाबत होती, संध्याकाळी डोळा लाल व्हायचा, ती बदलून घ्यावी लागली. स्टीव्हन्स-जॉन्सनसारखं (बहुतेकदा औषधाच्या रिअ‍ॅक्शनने त्वचा आणि डोळ्यांना इजा करणारा आजार) गंभीर काही असेल तर हैदराबादचं एल. व्ही. प्रसाद किंवा चेन्नईचं शंकर नेत्रालय इथे प्रोज मिळतं, ते याच जातीचं पण प्रत्येक डोळ्याप्रमाणे खास घडवलेलं. आणि कुठेही करा, ऑर्डर देण्याआधी ट्रायल लेन्स घालून तीन-चार तास तिथेच बसू द्या म्हणून सांगा, कारण लेन्स हळूहळू खाली बसत जाते आणि सुरुवातीला बरोबर वाटलेली नंतर टेकू शकते.