पाचगणी की महाबळेश्वर? घर ठरवण्याआधी जुलै बघा

निवृत्तीनंतर डोंगरावर राहायला जायचं म्हणणारी सातारा-सांगलीकडची माणसं बहुतेक मे महिन्यात नाहीतर नाताळच्या सुट्टीत वर जातात. गार हवा अंगाला लागते आणि उभ्या उभ्या एजंटचा नंबर घेतला जातो. हे दोन्ही महिने फसवे आहेत, कारण तेव्हा ही दोन गावं जवळपास सारखीच वाटतात. उंचीतही मोठा फरक नाही: महाबळेश्वर साधारण 1,350 मीटरवर, पाचगणी 1,300 च्या आसपास. मध्ये जेमतेम 18-20 किलोमीटरचा रस्ता. फरक कळतो तो मृग लागल्यावर.

महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. पाचगणीला त्याच्या साधारण तिसरा हिस्सा. पसरणी घाट उतरून वाईत आलात की तो आणखी निम्म्यावर येतो. अरबी समुद्रावरून आलेले ढग कोकण ओलांडून सह्याद्रीच्या कड्याला भिडतात, सरळ वर चढतात, गार होतात आणि घाटमाथ्यावरच रिते होतात. महाबळेश्वर नेमकं त्या माथ्यावर आहे. पाचगणी पूर्वेकडे निघालेल्या सोंडेवर, म्हणजे पर्जन्यछायेच्या उंबऱ्यात. जुलै 2021 च्या अतिवृष्टीत महाबळेश्वरला एका दिवसात जवळजवळ 600 मिलिमीटर पाऊस झाला. आपल्याच सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्याला एरवी अख्ख्या वर्षात एवढा मिळत नाही.

आकडे राहू द्या, घरात काय होतं ते बघा. पावसाच्या तोंडावर महाबळेश्वरात घरांच्या आणि दुकानांच्या भिंतींना बाहेरून झड्या बांधतात. पूर्वी त्या गवताच्या असत, आता बऱ्याच ठिकाणी प्लॅस्टिक दिसतं. त्या नसतील तर वाऱ्याबरोबर आडवी येणारी झड पश्चिमेच्या भिंतीतून आत मुरते. लाकडी दारं फुगून चौकटीत अडकतात. मिठाला पाणी सुटतं, काडेपेटी ओढून ओढून पेटत नाही, कपाटातल्या चामडी चपलांवर पांढरी-हिरवी बुरशी धरते. वाळत घातलेला टॉवेल तिसऱ्या दिवशी हाताला थंडच लागतो आणि त्याला वास येतो तो वेगळा. दिवसचे दिवस धुकं खिडकीला चिकटून राहतं. जुलै-ऑगस्टात दिवसाचं तापमान 20 अंशांच्या आसपास घुटमळतं, रात्री 17-18. म्हणजे तिथली पावसाळी दुपार जानेवारीतल्या दुपारपेक्षा गार असते! हे सांगितलं की लोकांना पटत नाही, पण खरी हुडहुडी तेव्हाच भरते, कारण ऊन नसतं आणि अंगावरचे कपडेही दमट असतात.

पाचगणीत पाऊस नसतो असं नाही. धुकं तिथंही दाटतं, रिपरिप आठवडाभर चालू शकते, आणि डिह्युमिडिफायर, म्हणजे हवेतला दमटपणा शोषणारं यंत्र, तिथंही वायफळ खर्च ठरत नाही. पण मधूनमधून उघडीप मिळते, ऊन पडतं, गाद्या बाहेर काढता येतात. इंग्रजांनाही हे कळलं होतं. माल्कम पेठ, म्हणजे आजचं महाबळेश्वर गाव, त्यांनी 1820 च्या दशकाच्या अखेरीस उन्हाळ्यासाठी वसवलं; पाऊस सुरू झाला की सगळा लवाजमा खाली उतरायचा. बारमाही राहता येईल अशी जागा म्हणून पुढे जॉन चेसन यांनी पाचगणी वसवली. निवासी शाळा तिथं आल्या, 1912 मध्ये क्षयरोग्यांसाठी बेल-एअर सॅनिटोरियम उभं राहिलं. आजारी माणसं आणि लहान मुलं वर्षभर जिथं ठेवली गेली, त्या गावाच्या हवेबद्दल आणखी कुणाची साक्ष काढायची?

थंडीचा मामला जरा उलटा आहे. डिसेंबर-जानेवारीत पेपरात फोटो येतो: वेण्णा तलावाच्या धक्क्यावर, लिंगमळ्यात स्ट्रॉबेरीच्या पानांवर, गाड्यांच्या टपावर दवबिंदू गोठलेले. महाबळेश्वर गोठलं म्हणून सगळीकडे बोलबाला होतो. प्रत्यक्षात तेव्हा बाजारपेठेत पारा बऱ्याचदा 10 अंशांच्या घरात असतो. निरभ्र, बिनवाऱ्याच्या रात्री जड झालेली गार हवा उतारावरून सखल भागात साचते, म्हणून कडाका तलावाकाठी जास्त. तेव्हा महाबळेश्वरात घर बघताना नुसतं गाव विचारू नका, जागा खोलगट आहे की चढावर तेही बघा. पाचगणीत गारठा थोडा सौम्य, पण टेबललँडच्या बाजूचा वारा कान सोलून काढतो. हिवाळ्यापुरतं बोलायचं तर मी महाबळेश्वरला झुकतं माप देईन.

उन्हाळ्याबद्दल फार बोलण्यासारखं नाही. एप्रिल-मेमध्ये दोन्हीकडे पारा तिशी ओलांडतो. महाबळेश्वरला जांभूळ-हिरड्याच्या दाट रानाची सावली मिळते, पाचगणी उघडी, त्यामुळे दुपारचं ऊन चटकतं. रात्री दोन्हीकडे पांघरूण लागतं आणि वळवाची एखादी सर आली की काम झालं. त्रास असतो गर्दीचा आणि पाण्याचा. वेण्णा तलाव दोन्ही गावांना पाणी पुरवतो, त्यामुळे पावसाच्या माहेरघरातही मे महिन्यात टँकरचा विषय निघतो.

राहिला ऑक्टोबर. धुकं उठलेलं असतं, गवत अजून हिरवं, शेतकरी स्ट्रॉबेरीच्या रोपांच्या लागणीत गुंतलेले. पर्यटकांना हा महिना अजून नीट सापडलेला नाही, ते बरंच आहे.

बारा महिने राहायचं असेल, घरात साठीच्या पुढची माणसं असतील, कुणाला दमा किंवा सांधेदुखी असेल, तर माझं मत सरळ पाचगणीला. शिवाय मोठा दवाखाना गाठायचा तर पाचगणीहून एक पसरणी घाट उतरला की वाई. महाबळेश्वरहून पोलादपूरकडचा आंबेनळी घाट आणि मेढ्याकडचा केळघर घाट, दोन्हीकडे पावसाळ्यात दरडींची धास्ती. महाबळेश्वर घ्या ते ऑक्टोबर ते मे एवढ्यापुरतं, आणि चार महिने घर बंद ठेवायची तयारी असेल तरच. बंद घराकडे बघणारा माणूस आणि झड्यांचा खर्च आधीच धरून ठेवा.

2001 पासून हा सगळा टापू पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रात आहे, बांधकामावर निर्बंध आहेत. कागद वकिलाला दाखवल्याशिवाय इसार देऊ नका. आणि शक्य असेल तर 15 जुलै ते 15 ऑगस्ट असं महिनाभर भाड्यानं राहून बघा. त्या दिवसांत भाडंही उतरलेलं असतं आणि घरमालकाला भिंतीची ओल लपवता येत नाही.