'बरी आहे' म्हणणाऱ्या परीक्षणांनंतर: हर्णैजवळची एक वाचन-सेवा

ऐतिहासिक प्रेमकथा लिहिणाऱ्या कादंबरीकाराच्या वाट्याला बहुतेक वेळा येते ते परीक्षण कडक टीकेचे नसते. प्रयत्न स्तुत्य आहे, भाषा ओघवती आहे, मुखपृष्ठ समर्पक आहे, एकदा वाचायला हरकत नाही, एवढ्यावर ते आटोपते. सडकून टीका झाली तर निदान वाद कशावर आहे ते कळते; अशा मिळमिळीत परीक्षणातून मात्र हाताला काहीच लागत नाही, आणि लेखक त्याच चार ओळींचे अर्थ लावत महिने घालवतो. हर्णै आणि मुरुड यांच्या मधल्या पट्ट्यात, दापोली तालुक्यात, एक निवृत्त संपादक आणि ग्रंथपाल म्हणून आयुष्य काढलेल्या त्यांच्या पत्नी आपल्या वाडीतल्या घरी अशाच लेखकांसाठी एक सेवा चालवतात. तिचा मला झालेला उपयोग आणि तिच्यातल्या उणिवा, दोन्ही येथे नोंदवत आहे.

कामाची पद्धत साधी आहे. आपण पुस्तकाच्या काही प्रती आणि आलेल्या परीक्षणांची कात्रणे आगाऊ पाठवायची. प्रती आसपासच्या गावांतल्या वाचकांकडे जातात. कात्रणे मात्र त्यांना वाचन पुरे होईपर्यंत दाखवली जात नाहीत. प्रत्येक वाचक एक वही ठेवतो आणि तिच्यात मत न लिहिता फक्त नोंद करतो: पुस्तक कुठे मिटले, पुन्हा कधी उघडले, कोणती पाने चाळून पुढे गेलो, कोणता मजकूर घरात कुणाला तरी वाचून दाखवला. नंतर लेखकाने तेथे राहायला यायचे, वाचकांसमोर बसायचे आणि त्या नोंदी ऐकायच्या. ऐकताना खुलासा करायचा नाही, हा नियम काका (संपादकांना सगळे काकाच म्हणतात) पहिल्याच बैठकीत सांगतात आणि तो कटाक्षाने पाळून घेतात. मला तो सुरुवातीला जड गेला. पण लेखक समजावू लागला की वाचक संकोचून 'छान आहे हो' म्हणतो आणि पुन्हा तेच मिळमिळीत परीक्षण तयार होते, हे तेथे डोळ्यांसमोर दिसते.

त्यानंतर कात्रणे काढली जातात आणि परीक्षणातले एकेक वाक्य घेऊन, हे लिहिणारा माणूस पुस्तकाकडे काय शोधत आला होता, याचा विचार होतो. माझी कादंबरी 1754-55 मधल्या, हर्णैजवळच्या सुवर्णदुर्ग या जलदुर्गाच्या परिसरात घडते. शिडे शिवणाऱ्या घरातली एक मुलगी आणि आंग्र्यांच्या गलबतावरचा एक तरुण खलाशी यांची ती गोष्ट आहे. 'नायक नेमका कोणाच्या बाजूचा आहे हे ठसत नाही' असे एका परीक्षणात म्हटले होते आणि ते वाक्य मला फार लागले होते. काकांनी ते बाजूला काढले आणि इतिहासच तसा आहे, याची सर्वांना आठवण करून दिली. 1755 च्या एप्रिलमध्ये कमोडोर जेम्सच्या इंग्रजी जहाजांनी सुवर्णदुर्ग घेतला, तेव्हा तुळाजी आंग्र्यांच्या विरुद्ध पेशव्यांचे सैन्य आणि आरमार इंग्रजांच्या सोबतीला होते. पुढच्याच वर्षी, फेब्रुवारी 1756 मध्ये, विजयदुर्गाच्या खाडीत तुळाजींचे आरमार जळाले. दोन्ही बाजूंना मराठी माणसे असताना हर्णैच्या खलाशाला एकच सरळ बाजू देणे म्हणजे वाचकाच्या सोयीसाठी इतिहास वाकवणे होय. तेव्हा या वाक्यावर काही करायचे नाही, असे ठरले. आलेल्या परीक्षणातले काय सोडून द्यायचे हे कोणीतरी अधिकाराने सांगणे किती मोलाचे असते, ते ज्याने अशी कात्रणे उशाशी ठेवून रात्री काढल्या आहेत त्यालाच कळेल.

दुसरे वाक्य मात्र सुटले नाही. 'प्रेमकथा अपेक्षेइतकी रंगत नाही', असे जवळजवळ प्रत्येक परीक्षकाने आपापल्या शब्दांत लिहिले होते, आणि का रंगत नाही हे एकानेही लिहिले नव्हते. याचे उत्तर हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावात उभे आयुष्य गेलेल्या एका काकूंच्या वहीत सापडले. त्यांनी एका पानाच्या कोपऱ्याला दुमड घातली होती आणि वहीत लिहिले होते, 'इथे पुस्तक ठेवले. दोन दिवस उघडले नाही.' त्या पानावर ज्येष्ठात दर्या बंद होतो आणि पुढच्याच परिच्छेदात नारळी पौर्णिमेचा नारळ पाण्यात सोडला जातो. काकू म्हणाल्या, "ताई, पावसात होड्या शाकारून ठेवतात, माणूस घरी असतो. वर्षभर दर्यावर असलेला पोरगा आता तिच्याच गावात आहे, तिच्या घरात जुनी शिडं दुरुस्तीला आलीयत, आणि तुम्ही एका ओळीत श्रावणात पोचलात? आम्ही तर तेवढ्याचसाठी वाचत होतो."

त्यांच्या बोलण्याने सगळी बैठक जागी झाली. दुसऱ्या एका वाचकाच्या वहीतही त्याच प्रकरणापाशी खंड पडलेला निघाला. गुराब या लढाऊ जहाजाच्या डोलकाठ्या, गलबताची वल्ही, तोफांची मांडणी यांचा मी केलेला अभ्यास वाचकांनी आदराने वाचला होता. परंतु त्या दोघांना एकत्र पाहण्याची वेळ आली तेव्हा कादंबरी पुढच्या मोहिमेकडे निघून गेली होती. 'रंगत नाही' या दोन शब्दांमागे 1754 चा एक अख्खा पावसाळा होता, आणि तो नेमका कुठे होता हे दाखवायला तो पावसाळा जगणारा वाचकच लागला. शहरातल्या कोणत्याही साहित्यिक चर्चेत हे मला मिळाले नसते, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिक्रियांशी कसे वागावे याबद्दलही येथे ठाम सल्ला मिळतो. परीक्षकाला उत्तर लिहू नये, परिचितांकडून पाच तारे गोळा करू नयेत, आणि तीन तारे देणाऱ्याने पुस्तक बहुधा शेवटपर्यंत वाचलेले असते हे विसरू नये. मलपृष्ठावरचा मजकूर त्यांनी सर्वांत आधी तपासला. त्यावर किल्ला, तोफा आणि तलवारच होती, म्हणून लढाईची कादंबरी समजून ती उचलणारे वाचक निम्म्यात थंडावले. तो मजकूर पुढच्या आवृत्तीत बदलता येतो आणि प्रकाशकाने तशी तयारी दाखवली आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. वाचकांत पन्नाशीपुढची माणसे फार आहेत. मोबाइलवर पुस्तके वाचून तिथेच तारे देणारा तरुण वर्ग बैठकीत जवळजवळ नव्हता, आणि ऐतिहासिक प्रेमकथेचा मोठा वाचक आज तोच आहे. बैठकीनंतर मिळणारा लेखी अहवाल वारंवार आठवण करून दिल्यावर हाती आला; पैसे आगाऊ घेतल्यावर एवढा उशीर योग्य नाही. इतिहासाची तपासणी ही त्यांची सेवा नाही. त्यासाठी पुण्यातले पेशवे दप्तर किंवा 1828 पासून चालत आलेले रत्नागिरीचे नगर वाचनालय गाठावे लागते. राहण्याची खोली स्वच्छ आहे आणि कुळथाचे पिठले, भात, सोलकढी असे घरचे जेवण मिळते.

पहिल्याच पुस्तकावर मिळमिळीत परीक्षणे येऊन लिहिणे थांबलेल्या लेखकाने येथे अवश्य जावे. हस्तलिखित ते घेत नाहीत, छापून आलेले पुस्तकच लागते. कोकण रेल्वेने खेडला उतरून दापोलीमार्गे एस.टी.ने हर्णैला जाता येते. जाताना परीक्षणांची सगळी कात्रणे न्यावीत, आवडलेलीसुद्धा, कारण वाक्ये वेगळी काढताना काका आणि त्यांच्या पत्नी त्यांनाही तेच प्रश्न विचारतात.