वू-टँगच्या पोरांचे सोलो अल्बम: एका पॅडवाल्याच्या कानाने

वू-टँग क्लॅन या अमेरिकन रॅप गटातल्या नऊ जणांनी आजवर काढलेले वेगवेगळे अल्बम एकत्र केले तर ढीग होतो. त्यातला एकच ऐकायला वेळ असेल तर जिझाचा 'लिक्विड स्वोर्ड्स' ऐका. दोन ऐकणार असाल तर जोडीला रेक्वॉनचा 'ओन्ली बिल्ट फोर क्यूबन लिंक्स' घ्या. बाकीच्यांबद्दल खाली लिहितोच. पण हे सगळे ऐकून माझं एक ठाम मत झालंय: यातले जे अल्बम खरंच उत्तम आहेत, ते नावालाच सोलो आहेत. कव्हरवर एकाचं नाव असलं तरी बाकीचे भाऊ त्याच खोलीत उभे होते आणि मागे रिझा, म्हणजे गटाचा म्होरक्या, बीट (रॅपच्या मागचं संगीत) लावत होता. ज्याच्या वाट्याला ती खोली वेळेवर आली नाही, त्याचं फार नुकसान झालं.

मी नागपुरात धुमाल पार्टीत, म्हणजे वरात-मिरवणुकीत रस्त्यावर वाजवणाऱ्या पार्टीत, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक ड्रमचं पॅड) वाजवतो. कमाल चौकाकडे आमचं सामान ठेवायचं गोडाऊन आहे. लग्नाचा सीझन संपला की गणपतीपर्यंत हाताला फारसं काम नसतं. त्या दिवसांत फोन मिक्सरला जोडला, दोन बेस आणि एक टॉप स्पीकर लावला आणि एकेक अल्बम पूर्ण ऐकला. रात्री घरी तेच पुन्हा वायरवाल्या हेडफोनवर, लिरिक्स समोर ठेवून. माझा कान आधी किक आणि स्नेअरकडे, म्हणजे ड्रमच्या जाड आणि कडक ठोक्यांकडे जातो, शब्दांकडे मग. तेव्हा हे परीक्षण त्या हिशोबानं वाचा.

आधी थोडी पार्श्वभूमी सांगतो, कारण तिच्याशिवाय हे अल्बम असे का आहेत ते कळत नाही. न्यूयॉर्कच्या स्टेटन आयलंड आणि ब्रुकलिनमधली ही पोरं. गटाचा पहिला अल्बम 'एंटर द वू-टँग' नोव्हेंबर १९९३ मध्ये लाउड रेकॉर्ड्सवर आला. त्या करारात रिझानं एक अट घालून घेतली होती: गट लाउडकडे राहील, पण प्रत्येक जण आपला स्वतःचा अल्बम पाहिजे त्या कंपनीला देऊ शकेल. त्या काळात अशी मोकळीक कोणी देत नव्हतं. म्हणून मेथड मॅन डेफ जॅमकडे गेला, ओल डर्टी बास्टर्ड (ओडीबी) इलेक्ट्राकडे, जिझा गेफनकडे, घोस्टफेस एपिककडे आणि रेक्वॉन लाउडवरच राहिला. कंपन्या वेगळ्या, पैसा वेगळा, पण बीट मात्र बहुतेक एकाच माणसाच्या, रिझाच्या हातचे. पाच कंपन्यांच्या खर्चानं एकाच घराचं नाव मोठं होत होतं. आमच्या धंद्यात पार्टीतला एखादा चांगला बेंजोवाला दुसरीकडे वाजवायला गेला की भांडणं होतात. इथे जाण्याचीच सोय आधी करून ठेवली होती, आणि गेलेला माणूस परत येत होता.

पहिला आला मेथड मॅनचा 'टिकल', नोव्हेंबर १९९४ मध्ये. हा मोठ्या सिस्टीमवर लावू नका. बेस इतका गढूळ आहे की आमच्या गोडाऊनमध्ये सगळं एकमेकांत मिसळलं, किक कुठे संपते आणि बेसलाइन कुठे सुरू होते ते कळेना. हेडफोनवर मात्र तोच गढूळपणा चांगला लागतो आणि मेथडचा घोगरा आवाज त्यातून स्वच्छ वर येतो. गटात सगळ्यात गोड गळा त्याचाच. तरी पूर्ण अल्बम एका दमात ऐकताना मधे ढिला पडतो. याच अल्बममधल्या एका गाण्याचा गायिका मेरी जे. ब्लाइजसोबतचा नवा अवतार पुढे आला आणि त्याला १९९६ मध्ये ग्रॅमी मिळालं. लोकांना मेथड त्यामुळे माहीत आहे.

मग मार्च १९९५ मध्ये ओडीबीचा 'रिटर्न टू द ३६ चेंबर्स'. कव्हरवर सरकारी मदतीच्या ओळखपत्रासारखं कार्ड आहे, त्यावर त्याचा फोटो. गातो की ओरडतो की रडतो, ते त्यालाच ठाऊक. वरातीत कोणीतरी मामा माईक हिसकावून घेतो आणि सगळे घाबरतात, पण मामा प्रत्येक समेवर बरोबर येऊन थांबतो, तसा हा माणूस आहे. 'शिमी शिमी या' मध्ये पियानोच्या चारदोन सुरांवर पूर्ण गाणं उभं आहे, आणि तेच कडवं तो पुन्हा म्हणतो. दुसऱ्या कोणी असं केलं असतं तर आळस म्हटलं असतं. इथे दुसऱ्यांदा ऐकताना त्याचं वजन वेगळ्या शब्दांवर पडल्यासारखं वाटतं. हा अल्बम ग्रॅमीच्या नामांकनापर्यंत गेला होता. ओडीबी १३ नोव्हेंबर २००४ रोजी न्यूयॉर्कमध्ये स्टुडिओतच गेला, छत्तिसावा वाढदिवस दोन दिवसांवर असताना. तसा आवाज त्यानंतर मी कुठेच ऐकला नाही.

आता रेक्वॉन. 'क्यूबन लिंक्स' १ ऑगस्ट १९९५ ला आला. कॅसेट जांभळ्या प्लास्टिकची होती, म्हणून तिकडे जुने लोक त्याला आजही 'पर्पल टेप' म्हणतात. कव्हरवरच लिहिलंय की पाहुणा कलाकार म्हणून घोस्टफेस आहे, पण पाहुणा कसला, तो जवळपास सगळीकडे आहे. दोघं मिळून एक गोष्ट सांगतात: ड्रग्जचा धंदा करणारी दोन पोरं, एक शेवटचा मोठा हात मारायचा आणि बाहेर पडायचं. मधे मधे हाँगकाँगच्या 'द किलर' या चित्रपटातले संवाद येतात. ते नुसते सजावटीला लावलेले नाहीत, त्यानंतर येणारं गाणं त्या संवादाच्या मूडमध्येच सुरू होतं.

'क्रिमिनॉलॉजी'मध्ये ब्रासचा एक तुकडा सतत वाजत राहतो. गोडाऊनमध्ये हे लावलं तेव्हा आमचा ट्रम्पेटवाला बाहेर चहा पीत होता. तो आत येऊन उभा राहिला आणि म्हणाला, "हे कोण वाजवून राहिलं?" त्याला सांगितलं की कोणी वाजवत नाहीये, जुन्या रेकॉर्डमधला तुकडा कापून पुन्हा पुन्हा लावलाय. त्याला ते पटलं नाही, कारण तुकडा एकच असूनही प्रत्येक वेळी नव्या दमानं फुंकल्यासारखा वाटतो. माझ्या मते गंमत ब्रासखाली आहे. ड्रम किंचित मागे रेंगाळतो, आणि त्या ओढीमुळे वरचा ब्रास पुढे धावतोय असं वाटतं.

'रेनी डेज'मध्ये ब्लू रास्पबेरी या गायिकेचा आवाज आहे, तो रात्री ऐका. एका गाण्यात नासही आहे, गटाबाहेरचा पाहुणा रॅपर. कमी सांगायची तर अल्बम लांब आहे आणि गाण्यांच्या आधीच्या गप्पा काही ठिकाणी नको इतक्या चालतात. त्यांची स्लँग इतकी घट्ट आहे की लिरिक्स समोर असूनही निम्मं सुटतं. पण रेक्वॉनचा आवाज नीट ऐकत राहिलात की काय चाललंय ते कळतं. कुठे भीती आहे, कुठे फुशारकी आहे, ते शब्दांआधी पोचतं.

'लिक्विड स्वोर्ड्स' त्याच वर्षी, नोव्हेंबर १९९५ मध्ये आला. सुरुवातीला एक लहान पोरगं सांगतं की आपला बाप साम्राज्यातला सगळ्यात मोठा समुराई होता. हा आवाज 'शोगन असॅसिन' या चित्रपटातला. त्यानंतर विली मिचेलच्या जुन्या रेकॉर्डचा एक छोटा तुकडा आणि त्याखाली कोरडा ड्रम. एवढंच.

आमच्या पार्टीतले बेंजोवाले काका इंग्रजी बिलकुल समजत नाहीत. पण तीस-पस्तीस वर्षं रस्त्यावर वाजवलंय त्यांनी. दोन गाणी ऐकून म्हणाले, "काहून रे, एवढी जागा काहून सोडून राहिला हा?" मी म्हटलं, "काका, थ्या जागेत तो बोलून राहिला ना." ते थोडं ऐकत राहिले, मग म्हणाले, "हाव. आपण असतो तं भरून टाकली असती."

काकांनी बरोबर तिथेच बोट ठेवलं. धुमालमध्ये पॅडवाल्याचा हात एक क्षण थांबत नाही. रिकामी मात्रा दिसली की रोल मारायचाच, कारण रस्त्यावर शांतता झाली की नाचणारे थांबतात. रिझा इथे उलटं करतो. किक आणि स्नेअरच्या मधे मोकळं सोडतो आणि जिझा आवाज न चढवता तिथे येऊन बसतो. तो कुठेही घाई करत नाही. हा माणूस बुद्धिबळाचा शौकीन आहे, कव्हरवरही पटावर लढणारे योद्धे आहेत, आणि त्याच्या ओळीही तशाच येतात: आधीच्या ओळीत सहज वाटलेला शब्द तिसऱ्या ओळीत येऊन मारतो. 'लेबल्स' या गाण्यात त्यानं रेकॉर्ड कंपन्यांची नावं एकामागोमाग ओळींत ओवली आहेत. त्यामागे कारण आहे. वू-टँगच्या आधी, १९९१ मध्ये त्याचा एक अल्बम आला होता आणि तो चालला नव्हता. कंपन्या कशा वागवतात हे त्यानं भोगलेलं आहे, आणि तो राग त्यानं शांतपणे मांडलाय.

आता माझ्या मुद्द्याकडे बघा. याच अल्बमच्या 'शॅडोबॉक्सिन' मध्ये मेथड मॅनची दोन कडवी आहेत आणि अल्बमच्या मालकाचं एकच. 'फोर्थ चेंबर'मध्ये घोस्टफेस, रिझा आणि किला प्रीस्ट (नऊ जणांबाहेरचा, पण गटाच्या जवळचा रॅपर) तिघंही आहेत. शेवटच्या गाण्यात तर जिझा नाहीच, किला प्रीस्ट एकटा बोलतो, आणि बीटही रिझाचा नाही, फोर्थ डिसायपलचा आहे. आपल्या नावाच्या अल्बमचा शेवट दुसऱ्याला द्यायला मन मोठं लागतं. आणि ऐकताना कुठेही जिझा कमी पडल्यासारखा वाटत नाही.

ऑक्टोबर १९९६ मध्ये घोस्टफेसचा 'आयर्नमॅन' आला. वेग जास्त, सोल संगीतातल्या जुन्या गाण्यांचे तुकडे जास्त, आणि गळा कायम भरून आलेला. इथे मी एकाच गाण्याबद्दल लिहितो, मेरी जे. ब्लाइजसोबतच्या 'ऑल दॅट आय गॉट इज यू'बद्दल. तीन बेडरूमच्या घरात १५ माणसं, एका पलंगावर चार पोरं, दोन उशाकडे आणि दोन पायथ्याशी, सकाळी सातला खाण्याच्या डब्यातून झुरळं वेचणं, आणि हे सगळं ओढणारी आई. मी उत्तर नागपुरातल्या वस्तीत वाढलो. या गाण्यासाठी मला लिरिक्स समोर ठेवायची गरज पडली नाही. ज्यांच्या घरात पाहुणे आले की पोरांची झोपायची जागा बदलायची, त्यांना हे गाणं लगेच कळेल. घोस्टफेस कुठेही दया मागत नाही, फक्त काय काय होतं ते सांगत जातो. माझ्या आईला मी त्याचा अर्थ सांगून ऐकवलं. ती म्हणाली, "पोरानं आठवण ठेवली बाप्पा."

आणि आता इन्स्पेक्टा डेक. हा माझा सगळ्यात आवडता, आणि ज्याचं नुकसान झालं तो हाच. गटाच्या पहिल्याच गाजलेल्या गाण्याचं, 'प्रोटेक्ट या नेक'चं पहिलं कडवं त्याचं. गटाला सुरुवात दणक्यात करायची असली की तोच पुढे असायचा. पण रिझाच्या तळघरातल्या स्टुडिओत पाणी शिरलं आणि शेकडो बीट वाहून गेले, त्यात डेकच्या अल्बमसाठीचेही होते. मशीन आणि डिस्क भिजल्यावर काय उरतं ते पावसात सामान अडकलेल्या कुठल्याही साउंडवाल्याला विचारा. १९९५ आणि ९६ मध्ये, रिझाचा हात सगळ्यात तेज असताना, डेकचा अल्बम आलाच नाही. 'अनकंट्रोल्ड सबस्टन्स' आला थेट ऑक्टोबर १९९९ मध्ये. त्यात रिझाचे बीट मोजकेच, बरेच डेकनं स्वतः बनवले. लिहिलंय चांगलं, यमकावर यमक रचत जातो, श्वास कुठे घेतो ते कळत नाही. पण खालचा ठेका सपाट आहे. बेसवर लावला तेव्हा आमच्या गोडाऊनमध्ये कोणी मान वर करून पाहिलं नाही. इतक्या ताकदीच्या गड्याला तसं साजेसं बीट मिळू नये याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नंतरचं थोडक्यात. रिझानं १९९८ मध्ये बॉबी डिजिटल नावानं अल्बम काढला. कीबोर्डचे आवाज मला रुचले नाहीत. यू-गॉडचा १९९९ चा एकदा ऐकला, पुन्हा ऐकावासा वाटला नाही. घोस्टफेसचा 'सुप्रीम क्लिएंटेल', फेब्रुवारी २०००, मात्र जरूर घ्या. बीट वेगवेगळ्या लोकांचे आहेत, तरी रिझाचा हात फिरल्यामुळे सगळं एका घरचं वाटतं. सगळ्यात उशिरा, २००४ मध्ये, मास्टा किलाचा 'नो सेड डेट' आला. छोटा, नेटका, आणि भाऊ मदतीला आलेले.

सगळे अल्बम फोनवर स्ट्रीमिंगला मिळतात. शिव्या भरपूर आहेत, घरात लहान पोरं असतील तर हेडफोन लावा. आणि डेकला ऐकायचं असेल तर त्याच्या अल्बमपासून सुरू करू नका. गटाच्या 'सी.आर.ई.ए.एम.'मधलं दुसरं कडवं ऐका, मग गटाच्याच 'ट्रायम्फ'ची सुरुवात, मग जिझाच्या अल्बममधलं 'कोल्ड वर्ल्ड' आणि 'ड्युएल ऑफ द आयर्न माइक', आणि शेवटी रेक्वॉनच्या अल्बममधलं 'गिलोटिन'. तिथे चौघं आहेत, पहिला तोच येतो.