नक्षीची फरशी: सिमेंटची घ्यावी की छापील?

औशाच्या आमच्या वाड्यात ढेलज ओलांडून बैठकीत पाऊल टाकलं की पायाखाली तांबड्या-काळ्या पाकळ्यांची गार फरशी लागायची. वाडा उतरवताना ती पहारीने फोडली गेली, एक तुकडाही कुणी ठेवला नाही. लातूरच्या घराचं काम काढलं तेव्हा 'तशीच हवी' एवढंच मनात होतं. दुकानं फिरल्यावर कळलं, 'नक्षीची फरशी' या नावाखाली दोन अगदी वेगळ्या वस्तू मिळतात.

पहिली खरी सिमेंटची. धातूच्या साच्यातल्या कप्प्यांमध्ये सिमेंट, संगमरवराची भुकटी आणि रंग यांचं पातळ मिश्रण हाताने ओततात, मागे सिमेंट-वाळूचा थर देतात, यंत्राने दाबतात आणि मग पाण्यात मुरवतात. भट्टी लागतच नाही. मुंबईत फिरोजशा सिधवा यांनी १९२२ साली 'भारत' कंपनीच्या फरश्या काढल्या त्या याच जातीच्या, परदेशी फरशीला स्वदेशी उत्तर म्हणून. तमिळनाडूतली आतंगुडी फरशी हिची बहीण. ती दाबत नाहीत, काचेवर ओततात, म्हणून तिला काचेसारखा गुळगुळीतपणा येतो.

दुसरी छापील. गुजरातेत मोरबीला भट्टीत भाजलेली सिरॅमिक किंवा व्हिट्रिफाइड (भाजून काचेसारखी घट्ट झालेली) टाइल, वर यंत्राने छापलेली जुनी नक्षी.

फरक झिजताना कळतो. सिमेंटच्या फरशीत रंग काही मिलिमीटर खोल असतो. चाळीस वर्षांनी घासून पॉलिश केली की नक्षी पुन्हा वर येते. छापील टाइलचा रंग वरच्या पातळ थरातच, कोपऱ्याचा टवका उडाला की आतली माती दिसते. डोळ्यांनाही दोन्ही एक वाटत नाहीत. दोन फुटी टाइलवर छोट्या फरश्यांचं चित्र आणि खोट्या सांधांच्या रेघा छापलेल्या असतात, ती मला तरी बघवत नाही. छापीलच घ्यायची तर आठ इंची किंवा एक फुटी, आणि चकचकीत नको, मॅट घ्या.

आता आपल्याकडचं पाणी. बोअरचं पाणी जड, वाळलं की पांढरे डाग सोडतं. गडद रंगाच्या सिमेंट फरशीवर ते फार उठून दिसतात. भिंतीला लोणा लागतो तसे नव्या फरशीतून क्षारही फुटतात. म्हणून नीट मुरलेला माल मागा आणि सांधे भरायच्या आधी सीलर (डाग आत मुरू न देणारा लेप) मारून घ्या. एक गोष्ट मात्र हिच्या बाजूने आहे: हिला बादल्या ओतून धुवायचं नसतं, ओलसर फडकं पुरतं. २०१६ साली मिरजेहून रेल्वेने आलेलं पाणी प्यायलेल्या आमच्या गावात मला ते फार मोलाचं वाटतं.

स्वयंपाकघरात मात्र सिमेंटची घालू नका, हे मी ठामपणे सांगते. लिंबू, चिंच, ताक सांडलं की आंबटपणा सिमेंट खातो आणि तिथे फिकट खड्डा पडतो. हळद-तेल आत मुरतं. व्हिट्रिफाइड जवळजवळ पाणी पीतच नाही, पुसलं की गेलं. न्हाणीघरालाही तीच, पण पाय न घसरणारी.

सगळ्यात मोठा धोका फरशीत नाही, बसवण्यात आहे. परभणीला माझ्या बहिणीकडे काम संपताना मिस्त्रीने सवयीप्रमाणे अॅसिडने फरशी धुतली. सकाळी निळा रंग राखेसारखा झाला होता. ती रडली, मलाही रडू आवरेना. सिमेंटची फरशी बसवायची तर अॅसिड घरात येणारच नाही, हे पहिल्या दिवशी बोलून घ्या. ठोकायला रबरी हातोडी, सांधे दोन मिलिमीटरच्या आत. जाडी साधारण २० मिलिमीटर, म्हणजे छापीलच्या दुप्पट, आणि चौरस फुटाला चारेक किलो वजन. शेजारच्या खोलीची पातळी आणि दाराची खालची फट आधीच मोजा. काळ्या मातीवरचं घर असेल तर माती काढून मुरूम भरून धुम्मस करा, नाहीतर कोणतीही फरशी तडकेल.

खर्चात सिमेंटची बरीच महाग पडते. वरून वाहतुकीत फुटते, दहा टक्के जास्तीच मागवा. म्हणून आम्ही बैठक आणि देवघर तेवढं सिमेंटचं केलं, कडेने एकरंगी पट्टा, मधोमध नक्षी, गालिचा अंथरावा तशी. बाकी घरात छापील. बजेट एकाच खोलीचं असेल तर बैठकीलाच घाला, पाहुण्याच्या आणि तुमच्या नजरेत रोज तीच असते. व्हिनाइलचा, म्हणजे प्लास्टिकच्या फरशीचा रोल भाड्याच्या घरापुरता ठीक, स्वतःच्या घरात मी घालणार नाही.

जुन्या घरात काम काढत असाल तर दुकानात जायच्या आधी एक कोपरा घासून बघा. मेण आणि धुळीखाली खरी फरशी निघाली तर पॉलिशवाल्याला बोलवा. ती हलवायचीच असेल तर खालचा थर चुन्याचा आहे का, ते पाहा. चुन्यातली अखंड सुटते, सिमेंटमधली बहुतेक फुटतेच.